चार बोटांचा बाण

१

प्रमोदिनीबाईंनी आयुष्यात पुष्कळ नवस केले. नवऱ्याच्या हर्नियासाठी केला, भावाच्या बदलीसाठी केला, गॅसचा नंबर लागावा म्हणून ओळीनं सात संकष्ट्या पाण्यावर काढल्या आणि नंबर लागलाही. त्या सगळ्यांत सत्त्याण्णव सालचा नवस अगदी साधा. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून सौमित्रला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, स्कूटर घेतली. पोरगं एकोणीस वर्षांचं. चाकाखाली लिंबू चिरडून झालं, पेढे वाटून झाले आणि बाई दुपारच्या एसटीनं नृसिंहवाडीला निघाल्या. पादुकांपुढं डोकं टेकलं आणि म्हणाल्या,

"महाराज, पोराच्या वाटचा धक्का पोराला लागू देऊ नका. तुमच्यापाशी राखून ठेवा. मी एकवीस गुरुवार अळणी खाईन."

एवढंच. कुणाचं वाईट मागितलं नाही, जास्तीचं काही मागितलं नाही. मागच्या माणसानं "आटपा की बाई" म्हटलं तशा उठल्या, कवठाची बर्फी घेतली आणि दिवेलागणीला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरी परत आल्या.

एकोणिसावा गुरुवार होता. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शाहूपुरीतल्या गुळाच्या बाजाराजवळच्या चौकात सौमित्रची स्कूटर आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरलेला एक तीनचाकी टेम्पो एकमेकांवर आदळले. स्कूटर वीस फूट लांब गटारावर जाऊन पडली. टेम्पोचं तोंड आल्या वाटेकडे फिरलं. गूळ चौकभर झाला. आणि सौमित्र जिथं धडक झाली तिथंच उभा होता. दोन्ही पायांवर. अंगावर ओरखडा नव्हता. टेम्पोवाल्यालाही काही झालं नाही. तो खाली उतरून पहिल्यांदा सौमित्रच्या पाया पडला आणि मग गूळ गोळा करायला लागला.

बाईंनी पोराची दृष्ट काढली, राहिलेले दोन गुरुवार केले, मेहुण जेवू घातलं. नवस फिटला. त्या रात्री त्या इतक्या गाढ झोपल्या की दूधवाल्यानं तीनदा कडी वाजवली.

२

त्र्यंबकराव, बाईंचे यजमान, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. शिवाय वकील लोक त्यांच्याकडे अपघाताचे कागद घेऊन यायचे. पोलिसांच्या पंचनाम्यावरून, रस्त्यावरच्या टायरच्या खुणांवरून, कुठली गाडी किती वेगात होती ते काढून द्यायचं. हे काम ते जमिनीवर बसून करायचे, आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून.

सौमित्रच्या अपघाताचे कागदही त्यांनी तसेच मांडले. कोर्टासाठी नाही, मनाच्या समाधानासाठी. बाई बाजूला वाल सोलत बसल्या होत्या.

"हे बघ," ते म्हणाले, "धडकेच्या आधी प्रत्येक गाडीचा एक बाण. गाडी जड तर बाण लांब, गाडी वेगात तरी बाण लांब. वजन गुणिले वेग. एकाच्या टोकाला दुसऱ्याचं बूड लावायचं. मग धडकेनंतर जे जिकडं फेकलं गेलं त्यांचे बाण, तेही तसेच जोडायचे. दोन्ही रांगा एकाच जागी संपायला पाहिजेत. पत्रा चेपतो, काच फुटते, माणूस मोडतो. संवेग मोडत नाही. तो अक्षय्य असतो."

बाईंचा हात थांबला. "काय असतो म्हणालात?"

"अक्षय्य. पुस्तकातच तसं छापलंय. संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत."

आपल्या तृतीयेचा शब्द यांच्या पुस्तकात आहे हे बाईंना इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वालाचे हात पदराला पुसून पुस्तकाला नमस्कार केला. त्र्यंबकराव हसले.

पण रांगा एका जागी संपल्या नाहीत. मधे चार बोटं जागा उरली. पट्टीनं मोजली, साडेसहा सेंटीमीटर भरली. एका सेंटीमीटरला शंभर असं त्यांचं माप, म्हणजे साडेसहाशे. धडकेआधी होता तो साडेसहाशेचा जोर धडकेनंतर चौकात कुणापाशीच नव्हता.

"सौमित्र, वजन किती रे तुझं?"

"बासष्ट."

"आणि किती वेगात होतास? खरं सांग, आई रागावणार नाही."

"अडतीस असेल. चाळीस नव्हता."

त्र्यंबकरावांनी कागदाच्या कडेला गुणाकार केला. सहाशे चोपन्न आले. "टेम्पोचा जोर टेम्पोनं नेला, स्कूटरचा स्कूटरनं. तुझा कुठं गेला?"

"मी थांबलो की बाबा."

"थांबलास. थांबवलं कुणी? हँडलला रेटा दिला असतास तर मनगटं मोडली असती."

सौमित्रनं आईकडे बघितलं. आईनं देव्हाऱ्याकडे. उरलेल्या बाणाचं तोंड राजारामपुरीकडे होतं, पण त्यात नवल नव्हतं. पोरगं घरीच यायला निघालं होतं. त्र्यंबकरावांनी बाणाखाली "मोजमापातली त्रुटी" असं लिहिलं आणि कागदांची गुंडाळी केली.

३

पुढच्या वर्षी त्र्यंबकराव निवृत्त झाले आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पेन्सिल धरली की रेघ नागमोडी व्हायची. अपघाताची कामं मात्र यायचीच. मग रेघा बाईंनी ओढायच्या असं ठरलं. रांगोळीचा हात होता, पाच फुटांची रेघ त्या एका दमात सरळ ओढत. त्र्यंबकराव खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे, "जीप. लांबी एकशे बारा सेंटीमीटर. पूर्वेपासून तीनशे वीस अंश." बाई कोनमापक लावून काढायच्या. शेवटी ते विचारायचे, "किती उरलं?"

"साडेसहा."

पहिल्यांदा त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाच फुटांच्या बाणात चार बोटं म्हणजे काहीच नाही. पंचनाम्याचा टेप सैल धरला तरी एवढा फरक पडतो." तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले.

"परत मोज."

"मोजलं. साडेसहाच आहे."

"अगं, चूक कधी सारखी नसते. सुपात तांदूळ पाखडताना खडे कसे उडतात? एक इकडं, एक तिकडं. सगळे खडे येऊन एकाच जागी पडले तर..."

"तर काय?"

"तर कुणीतरी टाकतंय म्हणायचं," ते म्हणाले आणि चहा मागितला.

तीन वर्षांत पाच अपघात त्यांच्या घरच्या फरशीवर मांडले गेले. रिक्षा आणि मोपेड, जीप आणि स्कूटर, अशाच लहान गाड्या. कावळा नाका, शाहूपुरी, दसरा चौक. प्रत्येक वेळी पंचनाम्यात नसलेलं काहीतरी साडेसहाशेचा जोर घेऊन चौकातून बाहेर पडलेलं असायचं. बाईंनी कुतूहलानं एक केलं. घर बांधताना आणलेला शहराचा नकाशा काढला आणि पाचही बाण ज्या त्या चौकापासून त्यावर उतरवले. पाचही वर, नदीच्या अंगाला निघाले होते.

त्यांना बरं वाटलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "नदीला जातंय ते," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. पाण्यात शांत होईल."

"काय शांत होईल?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

बाई पातेलं उतरवायला आत गेल्या.

४

दोन हजार एक सालच्या जानेवारीत दसरा चौकातल्या अपघाताचा एक राहिलेला कागद द्यायला आकाराम हवालदार घरी आले. ओळखीचे, मोकळे गृहस्थ. बूट दारात काढून आत आले आणि फरशीवरच्या कागदांभोवती मोरीच्या कडेनं चालावं तसे चालले. मग थांबले. मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे.

"वैनी, ह्यो चौक कुठला म्हणायचा?"

"दसरा चौक. पंचनामा तुम्हीच केलात की."

"मग उलटा काढलाय. जीप वरनं खाली आल्ती. तुमी खालनं वर चढवलीया."

"उत्तर वर धरलीय ना मी?"

"उत्तर वरच हाय. तकडनंच आल्ती जीप. टेप म्या सोता धरलाय वैनी, मला सांगू नगा."

खुर्चीतून त्र्यंबकराव म्हणाले, "अगं, पूर्वेपासून तीनशे वीस अंश म्हणालो ते कुठल्या बाजूला मोजलेस?"

"उजव्या. प्रदक्षिणा घालतो तसे."

त्र्यंबकराव हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, आमच्यात डावीकडे वळत मोजतात. घड्याळाच्या उलट."

"उलट कोण फिरतं?" बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळेना. अंश डावीकडे मोजायचे हे शास्त्राच्या माणसाला सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि देवाधर्माच्या बाईला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"सर, तीन वर्सं तुमी घरात गाड्या उलट्या पळवताय आन् आमी चौकात चालान फाडतोय," आकाराम म्हणाले. "कोर्टात काय घोळ?"

"काही नाही. लांबी तीच राहते. वेगाचे आकडे बरोबर गेलेत. फक्त सगळं आरशात बघितल्यासारखं झालंय. वरचं खाली, खालचं..."

इथं ते हसायचे थांबले.

हवालदार गेल्यावर बाईंनी नकाशावरचे पाच बाण खोडले आणि नव्यानं काढले. नदीकडे गेलेला प्रत्येक बाण आता खाली वळला. पट्टी धरून पुढं वाढवला. पाच रेघा कावळा नाक्यापासून, शाहूपुरीपासून, दसरा चौकापासून निघाल्या आणि राजारामपुरीत एका ठिकाणी मिळाल्या. तिथं वास्तुशांतीच्या दिवशी बाईंनी हौसेनं लावलेलं कुंकवाचं बोट होतं. एवढ्या वर्षांत ते तपकिरी पडलं होतं.

५

जाताना आकाराम चहा पीत आणखी एक बोलून गेले होते. बोलायचं म्हणून बोलले.

"एक इचारायचं हुतं सर. पयल्या टायमाला, शाहूपुरीत, लोकं म्हनली नुसतं वारं गेलं कानाजवळनं. नाक्यावर पानवाल्याचा तंबू फाटला, पर सावकाश फाटला म्हनला, कापड दुकानात फाडत्यात तसा. औंदा दसरा चौकात डांबर दबलंय. पायाएवढं. ह्ये थंडीचं दिवस. घणानं ठोकलं तरी ह्या दिसांत डांबर दबायचं न्हाई."

त्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी अपघाताचे कागद घेणं बंद केलं. पण एक दिवस जेवताना, भाताचा घास हातात धरून, ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"आपल्याला गुणाकार तेवढा माहीत आहे. वजन किती आणि वेग किती, हे नाही. गुणाकार तोच राहिला आणि वेग कमी कमी होत गेला..."

"बाबा, भात गार होतोय," सौमित्र म्हणाला. तो आता तेवीस वर्षांचा होता, शिरोलीच्या एका कारखान्यात जायचा, आणि त्या स्कूटरनंतर त्यानं कुठलीच गाडी घेतली नव्हती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फाटकातल्या काँक्रीटला तडा गेला. मग पायरीला. उन्हाळ्याच्या तोंडाला घर तडकतंच, बाई म्हणाल्या. गवंडी आला, त्यानं सिमेंट भरलं आणि म्हणाला की खालची भरणी बसलीय. मग एका सकाळी बाई स्वयंपाकघरात फोडणी टाकत होत्या. बाहेर बोळात, म्हणजे दारापासून सौमित्रच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या त्या अरुंद वाटेत, खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज झाला. त्या बाहेर आल्या. दाराजवळची पहिली शहाबादी फरशी मधोमध तडकली होती. कुणी नव्हतं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सात दिवसांनी दुसरी फरशी तडकली. त्याच वेळेला. नंतर तिसरी. बोळात एकूण चौदा फरश्या.

सौमित्रनं मोजून बघितलं आणि हसला. "दोन फुटाला सात दिवस. आई, गोगलगाय बरी. एवढ्या सावकाश आलेलं लागणार काय?"

त्र्यंबकरावांनी थरथरत्या हातानं वहीत भागाकार मांडला. वर साडेसहाशे, खाली तो इवलासा वेग. उत्तराच्या जागी पेन्सिल टेकवली. टेकवूनच बसले. मग वही मिटून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. तिथं ते आजवर कधी काही ठेवत नव्हते.

"सावकाश आहे, म्हणूनच," ते म्हणाले.

६

बाई वाडीला जाऊन आल्या. ज्या जागी डोकं टेकलं होतं तिथंच टेकलं. काय बोलायचं ते एसटीत घोकून ठेवलं होतं, पण तिथं गेल्यावर शब्दच गोळा होईनात. राखून ठेवा म्हटलं होतं, त्यांनी ठेवलं. यात महाराजांचं काय चुकलं? आता नको म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? त्या नुसत्या रडून परत आल्या. घरी येईस्तोवर पाचवी फरशी गेली होती.

मग सौमित्रला पन्हाळ्याला मामाकडे पाठवलं. सुट्टी काढून, चार कपडे घेऊन. पोरगं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बोळात आवाज झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा भरायचा होता, तरी बाईंनी सत्यनारायण बोलला. आठव्या दिवशी सहावी फरशी तडकली, पण सरळ नाही. तडा तिरका गेला, पन्हाळ्याच्या दिशेच्या भिंतीला भिडला आणि कॅलेंडरखालच्या गिलाव्यात पेरभर वर चढला.

ती भिंत सामाईक होती. पलीकडे शेजारच्या मीनाबाईंचं स्वयंपाकघर.

दुपारी मीनाबाई दारात. हाताला पीठ तसंच. "वैनी, तुमच्यात भित्ताड कोण रेटतंय का? माझी डब्यांची फळी पडली. हळदीचा डबा सांडला त्यो सांडला, नातवाच्या डोक्यात पडता पडता ऱ्हायला."

बाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. मीनाबाईंनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे मीनाबाईंच्या बाबतीत कधी घडलेलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मंजी त्ये पोराकडं तोंड करून हाय. पोरगं जिकडं, त्ये तिकडं."

पन्हाळ्याला फोन गेला. संध्याकाळच्या गाडीनं सौमित्र परत आला. पिशवी खोलीत ठेवली, बोळाच्या टोकाला आपल्या पलंगावर बसला आणि म्हणाला, "मीनाकाकूंच्या घरातून जाणार असेल तर मी इथंच बरा. कुठंही गेलो तरी मधे कुणाचं ना कुणाचं घर येणारच."

"अरे पण..."

"आई, मला रोज त्या वेळेला समोरून वारं लागतं. स्कूटरवर असल्यासारखं. पंखा बंद असतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मी अजून पोचलोच नाही असं वाटतं."

सातवी फरशी सरळ तडकली.

७

एप्रिल संपत आला होता. बाईंनी त्या सकाळी बोळात गोधडी झटकली. मुद्दाम नाही, गच्चीवर ऊन फार म्हणून. बोळाच्या वरच्या झडपेतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात धूळ तरंगायची. गोधडीची धूळ भरपूर उठली. बाई घडी घालून वळल्या.

धूळ सगळीकडे खाली येत होती. एका जागी येत नव्हती.

आठव्या फरशीच्या वर, छातीच्या उंचीवर, धूळ कशाला तरी टेकून दोन्ही बाजूंनी घसरत होती. उतरत्या पत्र्यावरून पाणी घसरावं तशी. बाईंना आधी वाटलं डोळ्यांपुढं अंधारी आली, कारण गुरुवार होता आणि पोटात काही नव्हतं. त्यांनी भिंतीला हात लावला, डोळे मिटले, दत्ताचं नाव घेतलं आणि परत उघडले.

खांदा होता. खांद्याच्या पुढं लांबवलेला हात, बोटं फाकलेली. अंग पुढं झेपावलेलं, आडवं, जवळजवळ झोपल्यासारखं, आणि पाय जमिनीला लागत नव्हते. स्कूटरवरून उडालेला माणूस हवेत जसा असतो तसा. फक्त तो पडत नव्हता. तिथंच होता. मागल्या सोमवारी तो एक फूट मागे असणार आणि पुढच्या सोमवारी एक फूट पुढं असणार.

तोंड कळलं नाही. धूळ तोवर बसत आली होती. पण मानेवर, कानामागं, लहानपणी गळू कापल्याची खाच होती. तिथं धूळ थोडी खोल गेली. ती खाच त्यांनी सहा महिने रोज तेल लावून भरून काढली होती.

घड्याळात अकरा दहा झाले. फरशी फुटली.

बोळाच्या टोकाला, खोलीच्या दारात, तेवीस वर्षांचा सौमित्र उभा होता. केस मागे उडत होते. "आई," तो हळू म्हणाला, "तू कुणाकडं बघतेस?"

८

कुणीही आई जे करेल तेच बाईंनी केलं. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता त्या बोळात, नवव्या फरशीवर, त्याच्या आणि सौमित्रच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही तळहात पुढं केले, चालायला लागलेल्या पोराला झेलायला करतात तसे. त्र्यंबकराव भिंतीला धरून उभे होते. त्यांनी अडवलं नाही.

"माझ्या वाटचं मला द्या," बाई म्हणाल्या.

अकरा दहाला हातातल्या बांगड्या पिचल्या. फुटल्या नाहीत, दाबाखाली पिचल्या, चुरा झाला. बाई कणभर मागे सरकल्या. पाय उचलला नव्हता, तरी सरकल्या. मनगटं सुजली आणि तीन दिवस त्यांना पदर खोचता आला नाही. पण नववी फरशी सात दिवसांत तडकायची ती नऊ दिवसांनी तडकली.

"तुझ्यात आलं तेवढं त्याच्यातून गेलं," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्गावरचा सर परत आला होता. "नाहीसं नाही होत. वाटलं जातं."

"किती गेलं?"

"केसाएवढं."

"मी परत उभी राहते."

"तुला एकटीला झेपणार नाही. एकानं झेलायचं म्हटलं तर..." त्यांनी वहीचा कप्पा उघडला नाही. "पुष्कळ जणांनी थोडं थोडं घेतलं तर एकेकाला नुसता धक्का लागेल. गर्दीत लागतो तेवढा."

"किती जण लागतील?"

बाई मीनाबाईंना बोलवायला गेल्या. 

मीनाबाई आल्या. "दळण सांगितल्यावानी सांगा, कुठं उभं ऱ्हायाचं," म्हणाल्या. आपल्याच स्वयंपाकघरात, त्या भिंतीकडे तोंड करून, हात पुढं करून उभ्या राहिल्या. एक पाऊल मागे गेल्या आणि पिठाच्या डब्यावर बसल्या. आठवडाभर उजवा खांदा वर जाईना. "बाळंतपणापरीस बरं," म्हणाल्या. कानावर गेल्यावर आकाराम हवालदारांनी दसरा चौकात, वाहतूक थांबवायला हात करतात तसा हात केला, आणि त्यांची टोपी मागे पडली. त्यावरून कळलं की बोळातच उभं राहायला पाहिजे असं नाही. कुठंही उभं राहिलं तरी पोचतं.

ही कहाणी ऐकलीत ना? मग आता एवढं करा. कंटाळू नका, चेष्टा म्हणून करू नका. तुम्ही कुठल्याही गावात असा. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जिथं असाल तिथं, कोल्हापूरच्या दिशेला तोंड करा. दिशा नक्की ठाऊक नसली तरी चालेल. तळहात पुढं करा आणि म्हणा, माझ्या वाटचं मला द्या. पाय फार घट्ट रोवू नका, घट्ट उभ्या राहणाऱ्याला जास्त लागतं. पोटुशी बाई असेल तिनं करू नये. मागे रेटल्यासारखं झालं, हातात काही फुटलं, तर घाबरू नका. डोळे उघडून बघू नका. पोरगं आहे, एवढंच मनात धरा. घरी यायला निघालेलं पोरगं आहे.

त्या बोळात अजून तीन फरश्या शाबूत आहेत.